आधी घेणारा ठरवा, मग झेला उचला: सोसायटीतली फळं आणि भाजी वाटून खाण्याची रीत

पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांतल्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात आंबा, फणस, जांभूळ, चिंच, शेवगा, आवळा, पेरू, लिंबू यांपैकी दोन-चार झाडं असतातच. ज्यांनी ती लावली ते आता पायऱ्या चढू शकत नाहीत, पुढच्या पिढीला वेळ नाही. मग मे-जूनमध्ये पार्किंगभर आंब्यांचा चिखल होतो, गाड्यांवर जांभळं फुटतात आणि सभेत झाड छाटायची मागणी येते. त्याच रस्त्यावरच्या वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात आठवडाभर फळ नसतं. शेतात कापणी झाल्यावर मागे राहिलेलं धान्य, शेंगा, कापूस वेचून नेण्याची सरव्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. शहरातल्या झाडांचा सरवा मात्र कोणी वेचत नाही.

हे काम हौशी गट सुरू करतात आणि बहुतेक वेळा पहिल्याच हंगामात थांबवतात. कारण झाडावर चढता येत नाही हे नसतं. एका सकाळी ऐंशी किलो आंबा उतरतो आणि दुपारी बारा वाजता प्रश्न पडतो की आता हा न्यायचा कुठे? तोवर उन्हात ठेवलेले क्रेट तापतात, तिसऱ्या दिवशी निम्मी फळं डागाळतात आणि गटातले लोक पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: फळ कोण घेणार, किती घेणार आणि किती वाजता घेणार हे पक्कं झाल्याशिवाय झेला (फळं उतरवायची जाळीची काठी) उचलू नका, एकही फळ उतरवू नका.

वही आधी, झेला नंतर

फेब्रुवारीत एका रविवारी फिरून झाडांची नोंद करा. प्रत्येक झाडाला एक ओळ: जागा, जात, अंदाजे उंची, फळ कोणत्या महिन्यात येतं, मालक कोण, परवानगी कोणी दिली, खाली काय आहे (गाड्या, पत्रे, भिंत), जवळून विजेची तार जाते का, मधमाश्यांचं पोळं आहे का. पुणे परिसरात ढोबळ क्रम असा असतो: चिंच फेब्रुवारी-मार्च, कैरी मार्च-एप्रिल, रायवळ आंबा आणि फणस मे-जून, जांभूळ जून, सीताफळ सप्टेंबर-ऑक्टोबर, आवळा नोव्हेंबर ते जानेवारी. कोकणाच्या बाजूला आंबा-फणस थोडे लवकर येतात.

परवानगी लेखी घ्या, चार ओळींची पुरते. सोसायटीच्या आवारातल्या झाडासाठी कार्यकारिणीची, बंगल्यातल्या झाडासाठी मालकाची. रस्त्याकडेची आणि उद्यानातली झाडं महापालिकेची असतात. त्यांच्या फळांचा काही ठिकाणी लिलाव होतो, त्यामुळे विचारल्याशिवाय हात लावू नका. फळ काढायला कायद्याची आडकाठी नसते, पण फांद्या तोडायच्या झाल्या तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘फळ काढताना जरा फांदीपण उडवा’ असं कोणी वरून ओरडलं तर नम्रपणे नाही म्हणा.

परवानगी घेताना एक प्रश्न हमखास विचारा: गेल्या महिन्यात झाडावर किंवा खाली काही फवारलं आहे का? फवारलं असेल तर औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. डबा सापडला नाही तर ते झाड त्या वर्षी सोडून द्या.

वहीच्या दुसऱ्या भागात घेणारे. इथे नुसतं ‘वृद्धाश्रम, वसतिगृह’ असं लिहून भागत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या माणसाशी बोला. कोणत्या दिवशी, किती वाजता माल घेता येईल? कापायला, निवडायला किती हात आहेत? रायवळ आंबा माणशी एक धरला तर शंभर मुलांना साधारण वीस-पंचवीस किलो लागतो. त्याहून जास्त दिला तर तो तिथे सडेल, फक्त जागा बदलेल. फणसाचं उदाहरण घ्या. पिकलेला बरका (मऊ गऱ्यांचा) फणस दारात ठेवला की स्वयंपाकघरातल्या मावशींचं अर्धं काम अडतं, कारण चीक, गरे आणि आठळ्या यांतच दोन तास जातात. त्याच मावशी कैरी आनंदाने घेतात: पन्हं, आमटीत फोडी, उरली तर मीठ लावून ठेवता येते. वृद्धाश्रमाला आवळा नको असतो, दाताला कठीण जातो, पण मोरावळा घालणारा एखादा महिला बचत गट तोच आवळा पोत्याने नेतो. आणि सगळ्यात जवळचे घेणारे नेहमी विसरले जातात: सोसायटीचे वॉचमन, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या ताई, शेजारच्या बांधकामावरची कुटुंबं. त्यांना आधी विचारा, आणि उरलंसुरलं देऊ नका, पहिला क्रेट द्या.

वाटणी किती हेही आधीच ठरवा. टोरांटोमध्ये ‘नॉट फार फ्रॉम द ट्री’ हा गट २००८ मध्ये घरामागच्या झाडांची फळं उतरवायला लागला. त्यांची रीत तीन वाट्यांची आहे: एक मालकाचा, एक उतरवणाऱ्यांचा, एक अन्नवाटप करणाऱ्या संस्थांचा. आपल्याकडेही हे चालतं. मालक बहुतेकदा ‘मला पाच-सहा पुरेत’ म्हणतात, पण त्यांचा हक्क कागदावर असला की पुढच्या वर्षी परवानगी सहज मिळते.

आंबा: कधी, कसा

आंबा पाडाला आलाय हे ओळखायची साधी खूण म्हणजे झाडावरून एक-दोन पिकलेली फळं आपोआप पडू लागतात. फळाकडे पाहिलं तर देठाजवळचे खांदे भरून देठाच्या वर आलेले दिसतात आणि हिरवा रंग फिकट होतो. खात्री करायची असेल तर दोन-तीन फळं काढून पाण्याच्या बादलीत टाका. जून फळ बुडतं, कोवळं तरंगतं. तरंगणारं फळ आढीत (पेंढ्यात रचून पिकवायला) घातलं तर पिकत नाही, नुसतं सुरकुततं आणि आंबटच राहतं. झाडावरची सगळी फळं एकदम तयार होत नाहीत, म्हणून चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीन तोडे धरा. पण पहिला जोराचा पाऊस पडायच्या आत मुख्य तोडा झालेला हवा. ओलं उतरवलेलं फळ देठाकडून काळं पडतं आणि पावसाबरोबर फळमाशीही वाढते.

वेळ सकाळी सात ते दहा. उन्हं चढल्यावर फळ आतून तापतं आणि झेल्याकडे वर बघणाऱ्याची मानही.

अवजार म्हणजे झेला: बांबूच्या टोकाला पातं आणि त्याखाली जाळीची पिशवी. कोकणात घळही म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘नूतन’ झेला देठासकट फळ कापतो, म्हणून तो घेण्यासारखा आहे. देठ का महत्त्वाचा? आंब्याचा देठ मुळापासून तुटला की चिकाची पिचकारी उडते. तो चीक सालीवर ओघळला की एका दिवसात काळे चट्टे येतात, आणि तुटलेल्या जागेतून बुरशी शिरून फळ आढीत देठाकडून कुजतं. तीन-चार सेंटीमीटर देठ ठेवला की दोन्ही टळतं. लोक ओढून आंबा काढतात आणि नंतर आढीला दोष देतात, पण आढीत दिसलेली सड बहुतेक वेळा झाडावरच सुरू झालेली असते. चीक डोळ्यांत गेला तर फार जळजळ होते, म्हणून वर बघणाऱ्याला चष्मा हवाच, साधा चालेल.

गट पाच-सहा जणांचा पुरे. एक झेल्यावर, एक खालून फळ दाखवणारा, दोघं पिशवीतून काढून क्रेटमध्ये लावणारे, एक जण फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांना आणि मुलांना झाडाखालून लांब ठेवणारा. हे शेवटचं काम कमी महत्त्वाचं वाटतं, पण ते नसेल तर काम सुरू करू नका. झेला अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याचा असेल आणि जवळ तार असेल तर ते झाड त्या दिवशी बंद. कोरडा बांबू बरा, पण ओला बांबूही वीज वाहतो. तारेपासून किमान तीन मीटर अंतर ठेवा. हौशी माणसाने झाडावर चढायचं नाही. झेला पोचतो तेवढंच आपलं, वरचा शेंडा पाखरांचा. फार उंच झाड असेल आणि माल भरपूर असेल तर रोजंदारीवर अनुभवी उतरवणारा बोलवा आणि त्याला कमरेचा दोर द्या. नारळाला तर पाडेलीच (नारळ उतरवणारा कसबी माणूस) हवा, तिथे दुसरा विचार नको.

आंब्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या असतात. घरटं हलवलं की त्या झेल्यावरून हातावर येतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि मनगटाशी राखेचा हात फिरवा. त्या मुंग्या झाडावरच्या किडी खातात, त्यामुळे औषध मारून त्यांना संपवू नका.

क्रेटच्या तळाशी वर्तमानपत्र किंवा पेंढा, त्यावर देठ आडवा येईल अशी फळं, दोन थर, फार तर तीन. वीस किलोच्या क्रेटमध्ये वीस किलो मावतात म्हणून भरू नका, पंधरावर थांबा. जागेवरच तीन ढीग करा. पहिला: निर्दोष, देठासकट, आढीसाठी. दुसरा: खरचटलेली कैरी, त्याच दिवशी लोणचं, पन्हं किंवा आमटीसाठी. तिसरा: फुटलेली, पाखरांनी टोचलेली, वटवाघळांनी खाल्लेली, जमिनीवर पडून साल फाटलेली फळं. ही कोणालाही द्यायची नाहीत, ‘तेवढा भाग कापून खा’ असंही सांगायचं नाही. वटवाघळाच्या लाळेतून निपाहसारखा आजार पसरू शकतो, म्हणून यात सवलत नाही.

आढी लावायची तर भाताचा पेंढा उत्तम. खाली चार बोटं पेंढा, एक थर फळं, पुन्हा पेंढा, असे दोन-तीन थर, हवा खेळती राहील अशा खोलीत. रायवळ आंबा साधारण आठवडा-दहा दिवसांत पिकतो. रोज एकदा हात फिरवून मऊ आणि डागी फळं बाजूला काढायची, नाहीतर एक कुजलेलं फळ शेजारच्या चारांना घेऊन जातं. घाईत कार्बाइड वापरू नका. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे, आणि आपण तर पोरांच्या ताटात वाढणार आहोत. जागा नसेल तर आढी लावूच नका, जून कच्ची फळं सरळ घेणाऱ्याकडे पोचवा. मात्र क्रेटवर चिठ्ठी चिकटवा: उतरवल्याची तारीख, ‘आठवड्यात पिकतील, रोज तपासा, धुऊन ठेवू नका, खाण्याआधी धुवा’. ही चिठ्ठी नसली की कोणीतरी प्रेमाने सगळे आंबे धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतं आणि दोन दिवसांत बुरशी येते.

बाकीची झाडं, थोडक्यात

फणस जून झाला की काटे बोथट होतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि टिचकी मारल्यावर भरीव नाही, पोकळ आवाज येतो. देठाजवळचं पान पिवळं पडतं. खाली पाडायचा नाही. आधी देठाला दोर बांधा, तो वरच्या भक्कम फांदीवरून घ्या, एकाने दोर धरायचा, दुसऱ्याने देठ कापायचा, आणि हळूहळू उतरवायचा. दहा-पंधरा किलोचं फळ डोक्यावर आलं तर काय होईल हे सांगायला नको. हात आणि विळीला खोबरेल लावून चीक आटोक्यात ठेवता येतो. घेणारा नसेल तर कोवळेपणीच काही कुयऱ्या भाजीसाठी काढा. झाडावरचा भारही कमी होतो.

जांभूळ म्हणजे घाईचं फळ. फांद्या ठिसूळ, चढायचं नाही. झाडाखाली स्वच्छ ताडपत्री किंवा जुन्या साड्या जोडून चौघांनी धरायच्या आणि आकडीने फांदी हलवायची. जमिनीवर आधीच पडलेली घ्यायची नाहीत. पसरट ताटांत दोन-तीन इंचांपेक्षा जाड थर नको, खालची फुटतात. ती त्याच दिवशी संपली पाहिजेत, म्हणून जांभळाचा तोडा घेणाऱ्याच्या दुपारच्या जेवणाच्या वेळेला धरूनच ठरवा.

चिंचेला काठीने झोडपू नका. झोडपल्याने डहाळ्या मोडतात आणि पुढच्या वर्षीचा बहर कमी होतो. शेंग वाळली की टरफल आतल्या गरापासून सुटतं आणि हलवल्यावर खुळखुळ वाजतं, तेव्हा फांदी हलवली तरी पुरतं. टरफल, शिरा, चिंचोके काढून मीठ लावून गोळे केले की वर्षभर टिकते. फळं वाटायला माणसं कमी असतील तर सुरुवात चिंचेपासून करा, इथे घाई कोणालाच नसते.

चिकू जून झाला की नाही हे नखाने साल किंचित खरवडून कळतं. खाली हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला तर कोवळा, पिवळसर दिसलं तर तयार. सीताफळाचे डोळे मोठे होऊन मधल्या फटी पिवळट झाल्या की काढा. दोन-चार दिवसांत मऊ पडतं, त्यामुळे लांब पाठवू नका. शेवग्याच्या फांद्या जांभळापेक्षाही लवकर मोडतात. शेंगा आकडीने, आणि शिडी कधीही फांदीला टेकवायची नाही.

काढलेली फळं अख्खीच द्या. कापून, रस काढून, सोलून वाटायला लागलात की पाणी, हात, भांडी, बर्फ, तापमान हे सगळं तुमच्या जबाबदारीवर येतं. घरच्या स्वयंपाकघरातून शंभर जणांना ती पेलत नाही.

उरलेल्या सडक्या फळांचं काय? ती सरळ खतात टाकली की फळमाशीची पैदास होते: अळ्या फळातून मातीत उतरतात, कोश करतात आणि पुढच्या तोड्याला माशी होऊन परत येतात. काळ्या पिशवीत बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा आणि मग खतात टाका, किंवा दीड-दोन फूट खोल पुरा. झाडाखाली पडलेलं रोज उचललं तर निम्मं काम तिथेच होतं. कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा नर माश्या पकडतो. तो हंगामाआधी टांगला तर उपयोग होतो, फळं डंखल्यावर नाही.

भाजीचे वाफे

फळं वर्षातून थोडे आठवडेच येतात. बाकीच्या काळात गट टिकवायचा तर सोबत भाजीचे वाफे हवेत. पण अपेक्षा खरी ठेवा. पालक-मेथीचा एक चौरस मीटर एका पिकात साधारण किलोभर देतो. वीस चौरस मीटरच्या वाफ्यांतून महिन्याला वीसेक किलो भाजी म्हणजे इमारतीचा बाजार सुटत नाही. मिळतो तो ताजेपणा: सकाळी खुडलेला माठ दुपारी शिजतो. म्हणून बाजारात शिळ्या होणाऱ्या पालेभाज्या लावा. कांदे-बटाटे लावून जागा अडवू नका.

वाफा चार फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. मधे दीड-दोन फुटांची वाट. दिवसाला सहा तास ऊन हवंच. उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज चार-सहा लिटर पाणी लागतं. दहा चौरस मीटरला तीन-चार बादल्या झाल्या. बागा बंद पडतात त्या इथे: मे महिन्यात सगळे गावी जातात आणि पाणी घालायला कोणी नसतं. उपाय दोन: एप्रिलमध्येच प्रत्येक दिवसासमोर एक नाव आणि एक पर्यायी नाव लिहा, किंवा मे महिन्यात वाफे पालापाचोळ्याने झाकून मोकळेच ठेवा. दुसरा मार्ग आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. पावसाळ्यात पालेभाजी कुजते, तेव्हा भेंडी, गवार, दोडका, कारलं, काकडी, आणि जिथे पाणी साचतं तिथे अळू.

सोसायटीतल्या सांडपाणी प्रकल्पाचं पाणी पालेभाज्यांना आणि मुळा-गाजराला घालू नका. आंब्याफणसाच्या बुंध्याला चालतं, कारण फळ वर असतं.

गच्चीवर करायचं तर आधी वजनाचा हिशोब. माणसं जाऊ शकतील अशी घराची सपाट गच्ची भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरून बांधतात. एक फूट जाडीची ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे गच्चीवर शेतासारखी माती टाकायचीच नाही. पालापाचोळ्याचं खत आणि नारळाचा भुसा यांचं अर्ध्या फुटाचं हलकं मिश्रण, वाफे तुळयांच्या वर, आणि कागदावर संरचना अभियंत्याची सही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवून बाग उभी केली ती अशाच विचाराने. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’मधून मांडलेली, पालापाचोळ्यापासून माती तयार करण्याची पद्धत तिच्या मुळाशी आहे.

खतासाठी मापाने तीन भाग वाळकी पानं, एक भाग ओला कचरा. मूठभर घेऊन पिळलं तर एखाद-दुसरा थेंब यावा. वास आला तर ओल जास्त झाली, वाळकी पानं मिसळा. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलं, पाणी शिंपडा. पानं कमी पडत असतील तर शेजारच्या सोसायटीकडे मागा, ते बहुधा जाळत असतात. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ हा गट जास्त पानं असणाऱ्यांची आणि पानं हवी असणाऱ्यांची गाठ घालून देतो. तोच विचार फळांना लावायचा आहे.

नवीन झाड लावताना

नवीन झाड लावायचं तर हंगाम संपता संपता, जून-जुलैत. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, आंब्याला तीन फूट. पाण्याची टाकी, ड्रेनेज आणि भिंत यांच्यापासून फणस-जांभूळ किमान पंचवीस फूट लांब. पण पहिली निवड बुटक्या झाडांची असू द्या: कागदी लिंबू, पेरू, सीताफळ, कलमी आंबा. शेवगा दर वर्षी शेंगा संपल्यावर कमरेएवढ्या उंचीवर छाटा, नाहीतर तीन वर्षांत शेंगा तिसऱ्या मजल्यावर जातात. छाटणीची परवानगी इथेही आधी विचारून घ्या. लावल्या दिवशीच झाड वहीत चढवा आणि त्याच्यासमोर घेणाऱ्याचा रकाना मोकळा सोडा. कागदी लिंबाच्या कलमाला तिसऱ्या वर्षापासून फळं येऊ लागतात, तोवर तो रकाना भरायला वेळ आहे.